अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तन: पहिला प्रयोग सोन्याच्या पापुद्र्यावर

घन पदार्थातला अणू आपल्या जागी सतत थरथरत असतो. सिलिकॉनमधलं सर्वात जलद कंपन साधारण ६५ फेम्टोसेकंदांत एक फेरी पुरी करतं. बिस्मथमधल्या एका प्रसिद्ध कंपनाला ३४० च्या आसपास लागतात. एका सेकंदाचे अब्ज भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख भाग करा, म्हणजे एक फेम्टोसेकंद. इतक्या वेगाने उघडझाप करणारा कॅमेरा अस्तित्वात नाही. तरी अणू कसे हलले हे मोजता येतं, आणि त्यासाठीचं एक साधन म्हणजे अतिजलद इलेक्ट्रॉन विवर्तन. प्रयोगशाळांत सगळे त्याला 'युईडी' (अल्ट्राफास्ट इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शन) म्हणतात, इथेही तेच म्हणू.

हा लेख एमएस्सी संपवून या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. सगळ्या पद्धतींचा आढावा घेण्यापेक्षा एकच प्रयोग नमुन्यापासून आलेखापर्यंत नेतो: सोन्याच्या पातळ पापुद्र्यावर लेसरचा झटका द्यायचा आणि त्यातले अणू किती वेळात तापतात ते पाहायचं. उत्तर आधीच माहीत आहे, म्हणूनच तो निवडला. नवा पदार्थ घेऊन थेट उडी मारणारे पुष्कळ असतात. मग दोन टक्क्यांचा बदल दिसला की तो अणूंचा की यंत्राचा, हे सांगता येत नाही. युईडीमधलं खरं कौशल्य तेवढंच आहे, आणि ते सोन्यावर स्वस्तात शिकता येतं.

तत्त्व, थोडक्यात

इलेक्ट्रॉन लहरीसारखे वागतात हे १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावर आणि जी. पी. थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यांवर दाखवलं. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ३.७ पिकोमीटर असते, म्हणजे अणूंमधल्या अंतराच्या कितीतरी कमी. असा झोत बहुस्फटिकी सोन्यातून गेला की पडद्यावर समकेंद्री कडी उमटतात. प्रत्येक कडं अणूंच्या एका प्रतलसमूहाचं असतं.

आता यात वेळ आणायची. एकाच लेसर पल्सचे दोन भाग करायचे. एक भाग, पंप, नमुन्याला झटका देतो. दुसरा भाग अतिनील प्रकाशात बदलून धातूच्या कॅथोडवर पाडायचा. तिथून इलेक्ट्रॉनचा एक छोटा पुंजका सुटतो, तो प्रोब. पुंजका पंपानंतर किती उशिरा पोचतो हे आपल्या हातात असतं. दर वेळी वेगळा उशीर ठेवून कड्यांची चित्रं घ्यायची आणि क्रमाने लावायची. झटका देणारा आणि पाहणारा दोघेही एकाच पल्समधून जन्मलेले असल्याने त्यांच्यातली वेळ पक्की राहते.

ही कल्पना जेरार मुरू आणि स्टीव्ह विल्यमसन यांनी १९८२ च्या सुमारास पिकोसेकंदांच्या पातळीवर प्रत्यक्षात आणली. कॅलटेकमध्ये अहमद झिवेल यांच्या गटाने वायूतल्या रेणूंवर ती नेली. २००३ मध्ये टोरांटोत ड्वेन मिलर यांच्या गटाने २० नॅनोमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम लेसरने वितळवून दाखवलं: स्फटिकाची कडी साडेतीन पिकोसेकंदांत विरून द्रवाचं धूसर वलय उरलं. आपण मात्र काहीच वितळवणार नाही. सोनं तापून पुन्हा थंड झालं पाहिजे, कारण त्याच जागेवर हजारो वेळा मोजायचं आहे.

पायरी १: पापुद्रा

जाडी २० ते २५ नॅनोमीटर ठेवा. १० च्या खाली सोन्याचा सलग थर बनत नाही, बेटं बनतात. खूप जाड केला तर १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन आत दोन-तीनदा विखुरतो आणि कड्यांच्या तीव्रतेवरून सरळ हिशेब करता येत नाही. पातळपणाचा आणखी एक फायदा: पंपाची ऊर्जा वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी पसरते.

करायची रीत जुनी आणि सोपी आहे. मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, नुकताच चिरलेला स्फटिक घ्या. निर्वात भांड्यात त्यावर सोन्याची वाफ चढवा. मीठ गरम ठेवलं तर थर एकस्फटिकासारखा वाढतो आणि कड्यांऐवजी ठिपके मिळतात. पहिल्या वेळी मीठ खोलीच्या तापमानाला ठेवा, कडीच बरी. मग तो तुकडा तिरका धरून हळूहळू स्वच्छ पाण्यात उतरवा. मीठ विरघळतं, सोनं पाण्यावर तरंगतं. चिमट्यात तांब्याची ग्रिड धरून खालून दुधावरची साय उचलावी तसं उचला आणि कडेने टिपकागद लावून पाणी शोषून घ्या. सुरुवातीच्या काही ग्रिड फाटतातच, म्हणून मोठा पापुद्रा करून एका वेळी आठ-दहा ग्रिड भरून ठेवा.

लेसरकडे वळण्याआधी नमुना साध्या ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. महाराष्ट्रात असाल तर आयआयटी मुंबईच्या 'सैफ' या विश्लेषण उपकरणांच्या केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून ही सोय मिळते. भोकं किती, सुरकुत्या किती, कडी स्वच्छ आहेत का, एवढंच पाहायचं. सोन्याची पहिली चार कडी १११, २००, २२० आणि ३११ अशी असतात (हे आकडे म्हणजे प्रतलसमूहांची नावं) आणि त्यांच्या त्रिज्यांची गुणोत्तरं ३, ४, ८ आणि ११ यांच्या वर्गमुळांप्रमाणे येतात. तशी आली नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

पायरी २: इलेक्ट्रॉन गनशी ओळख

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत बहुधा ३० ते १०० किलोव्होल्टची डीसी गन असते. ८०० नॅनोमीटरच्या टायटेनियम-सफायर लेसरची तिसरी हार्मोनिक (तरंगलांबी एक तृतीयांश करून मिळणारा प्रकाश), म्हणजे २६६ नॅनोमीटर, सोन्याच्या किंवा तांब्याच्या कॅथोडवर पडते. इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युतक्षेत्रात वेग घेतात आणि चुंबकीय भिंगातून नमुन्याकडे निघतात. १०० किलोव्होल्टला त्यांचा वेग प्रकाशाच्या ५५ टक्के असतो.

या यंत्राची सगळी डोकेदुखी एका साध्या गोष्टीतून येते: इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. पुंजक्यात दहा हजार इलेक्ट्रॉन भरले की सुटताना १०० फेम्टोसेकंदांचा असलेला पुंजका थोडं अंतर कापेपर्यंत पसरत जातो; पुढचे आणखी पुढे जातात, मागचे मागे राहतात. इलेक्ट्रॉन कमी केले तर वेळ स्पष्ट होते पण चित्र फिकं पडतं. उपाय तीन-चार आहेत. नमुना गनला अगदी चिकटवून ठेवायचा. किंवा वाटेत रेडिओफ्रीक्वेन्सी कॅव्हिटी बसवून मागच्यांना वेग द्यायचा आणि पुढच्यांना अडवायचं. किंवा एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून लाखो पल्स मोजत बसायचं. नाहीतर ऊर्जाच इतकी वाढवायची की सापेक्षतेमुळे हे ढकलणं क्षीण होतं. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत हा शेवटचा मार्ग आहे: तिथे इलेक्ट्रॉन सुमारे ३.७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे प्रकाशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त वेगाचे असतात. तरंगलांबी ०.३ पिकोमीटरवर येते, त्यामुळे कडी वेगळी दिसावीत म्हणून डिटेक्टर तीनेक मीटर लांब ठेवावा लागतो.

सोन्यासाठी यातलं काहीही अत्याधुनिक लागत नाही. त्याचं तापणं काही पिकोसेकंद चालतं, तेव्हा अर्ध्या पिकोसेकंदाचा पुंजकाही पुरतो. गन कशी वागते ते शिकायला ही सवलत फार उपयोगी.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी विचारा: उच्च व्होल्टेजचा पुरवठा किती स्थिर आहे? गन आणि नमुना यांच्यात १० सेंटिमीटर अंतर असेल आणि व्होल्टेज १०० किलोव्होल्टवरून फक्त १०० व्होल्टने सरकलं, तरी पुंजक्याची पोचण्याची वेळ सुमारे २३० फेम्टोसेकंदांनी बदलते. दुपारी एसी बंद पडला आणि शून्य-वेळ (पंप आणि प्रोब नमुन्यावर एकाच क्षणी पोचतात तो बिंदू) हलली, तर बहुतेक कारण इथे किंवा लेसरच्या वाटेत सापडतं.

सुरक्षेचं बोलायचं तर तीन धोके आहेत. ८०० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला जेमतेम दिसतो, २६६ चा दिसतच नाही, आणि दोन्ही डोळा कायमचा निकामी करू शकतात. चष्मा लावा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. १०० किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात, म्हणून शिशाचं आवरण आणि डोसीमीटर लागतो. तिसरा धोका उच्च व्होल्टेजच्या केबलचा. ती अर्थिंग करणाऱ्या दांड्याशिवाय कधीच हाताळायची नाही.

पायरी ३: पंप किती जोरात?

हा आकडा नवशिके अंदाजाने ठरवतात आणि पापुद्रे जाळतात. हिशेब पाच मिनिटांचा आहे. सोन्याच्या एका घनमीटरला एक केल्व्हिन तापवायला साधारण २५ लाख ज्यूल लागतात. पापुद्रा २५ नॅनोमीटरचा आणि अणूंचं तापमान १०० अंशांनी वाढवायचं, तर शोषली जाणारी ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ मिलिज्यूल हवी.

लक्षात घ्या, शोषली जाणारी. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश सोनं बहुतांश परतवून लावतं. म्हणून त्याची दुसरी हार्मोनिक, ४०० नॅनोमीटर, वापरा; त्या रंगाचा बराच मोठा भाग पापुद्रा गिळतो. चाळीस टक्के शोषण धरलं तर नमुन्यावर येणारा फ्लुएन्स, म्हणजे दर क्षेत्रफळामागची पल्सची ऊर्जा, दर चौरस सेंटिमीटरला दीड मिलिज्यूल ठेवायचा. पंपाच्या ठिपक्याची त्रिज्या ३०० मायक्रोमीटर असेल तर दर पल्सला जेमतेम २ मायक्रोज्यूल पुरतात. हे गॉसियन ठिपक्याच्या मध्याचं गणित आहे: ऊर्जेची दुप्पट भागिले ठिपक्याचं क्षेत्रफळ. ही दुप्पट विसरली की मध्यभागी ठरवल्याच्या दुप्पट ऊर्जा पडते. पापुद्र्याचं परावर्तन आणि पारगमन पॉवर मीटरने स्वतः मोजा. कागदावरच्या चाळीस टक्क्यांवर विसंबू नका.

पंपाचा ठिपका इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यापेक्षा निदान दोन-तीन पट मोठा हवा. नाहीतर इलेक्ट्रॉन तापलेला आणि न तापलेला असा दोन्ही भाग एकाच वेळी पाहतात, आणि सरासरीतून काहीच नीट निघत नाही.

पायरी ४: दोघांना एका जागी आणि एका क्षणी आणणं

पहिल्यांदा हे करणाऱ्याचा बहुतेक वेळ इथेच जातो.

जागा जुळवायला नमुन्याच्या प्रतलात छोटं भोक असलेली चकती ठेवतात. इलेक्ट्रॉनचा झोत त्यातून नेमका जाईल असा वळवा, मग पंपही त्याच भोकातून जाईल असे आरसे फिरवा.

वेळ जुळवण्यासाठी डिले स्टेज असते: रुळावर सरकणारा आरशांचा जोड. प्रकाश त्यावर जाऊन परत येतो, म्हणून स्टेज १५ मायक्रोमीटर सरकली की उशीर १०० फेम्टोसेकंदांनी बदलतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे ६.७ पिकोसेकंद. आधी मोजपट्टी घेऊन दोन्ही वाटांची लांबी मोजा आणि इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा मंद आहेत हे हिशेबात धरा. एक सेंटिमीटर कापायला त्यांना ६१ पिकोसेकंद लागतात. एवढ्याने तुम्ही शंभरेक पिकोसेकंदांच्या आत येता.

पुढे नमुन्याच्या जागी तांब्याची रिकामी जाळी बसवा आणि पंप चांगला जोरात मारा. धातूतून इलेक्ट्रॉनचा ढग उसळतो आणि त्याच्या विद्युतक्षेत्राने प्रोबचा झोत वेडावाकडा होतो. पडद्यावर जाळीची सावली विस्कटते. स्टेज पुढे-मागे करत ही विस्कट सुरू होते तो बिंदू पकडा. पिकोसेकंदाच्या आसपास अचूकता मिळते. यापेक्षा बारीक शून्य-वेळ हवी तर बिस्मथसारखा झटपट प्रतिसाद देणारा नमुना लावावा लागतो, कारण सोन्याचा प्रतिसाद संथ चढत जातो आणि त्याचा आरंभ धारदार नसतो.

पायरी ५: मोजणी

साधारण २ पिकोसेकंद आधीपासून ३० पिकोसेकंद नंतरपर्यंतचे उशीर ठरवा. शून्याच्या जवळ दाट, पुढे विरळ. आणि ते क्रमाने घेऊ नका, उलटसुलट घ्या. लेसरची शक्ती तासाभरात हळूहळू उतरत असेल तर क्रमाने घेतलेल्या मोजणीत ती उतरण हुबेहूब अणूंच्या हालचालीसारखी दिसते. विस्कळीत क्रमात तीच उतरण गोंगाट बनून पसरते आणि निरुपद्रवी होते. दर काही चित्रांनंतर पंप बंद ठेवून एक चित्र घ्या.

किती वेळ मोजायचं? एका कड्यात ४० हजार इलेक्ट्रॉन जमले की मोजणीतली संख्याशास्त्रीय चूक अर्ध्या टक्क्यावर येते. पुंजक्यात दहा हजार इलेक्ट्रॉन, त्यातले एक टक्का त्या कड्यात आणि सेकंदाला हजार पल्स धरल्या तर हे अर्ध्या सेकंदात व्हायला हवं. प्रत्यक्षात दर उशिरासाठी यापेक्षा खूप जास्त वेळ द्या आणि सगळी फेरी अनेकदा फिरवा, कारण लेसर आणि डिटेक्टर यांची अस्थिरता संख्याशास्त्राच्या आधी आडवी येते.

पायरी ६: खरं काय, भास काय

प्रत्येक चित्राचं केंद्र शोधा, त्रिज्येनुसार सरासरी काढा, पार्श्वभूमी वजा करा आणि प्रत्येक कड्याची तीव्रता मोजा. पायथॉनमध्ये यासाठी 'सायकिट-युईडी' हे मोफत पॅकेज आहे; पहिल्यांदा तरी केंद्र शोधण्याचा भाग स्वतः लिहून पाहा.

अणू जास्त थरथरू लागले की कडी फिकी होतात. यालाच डिबाय-वॉलर परिणाम म्हणतात. सोन्यात तापमान १०० अंशांनी वाढलं तर १११ कडं साधारण २ टक्क्यांनी फिकं होतं, २२० पाच टक्क्यांनी आणि ३११ सातेक टक्क्यांनी. बाहेरची कडी जास्त फिकी होतात हा या प्रयोगाचा आत्मा आहे. कड्याच्या तीव्रतेचं आधीच्या तीव्रतेशी गुणोत्तर घ्या, त्याचा नैसर्गिक लॉग काढा आणि विखुरण सदिशाच्या (इलेक्ट्रॉन किती वळला त्याचं माप; बाहेरच्या कड्यासाठी मोठं) वर्गासमोर मांडा. शून्यातून जाणारी सरळ उतरती रेषा आली तर तुम्ही अणूंची कंपनं मोजली. तिच्या उतारातून सरासरी विस्थापनाचा वर्ग मिळतो.

रेषा आली नाही तर? सगळी कडी सारख्याच प्रमाणात फिकी झाली असतील तर इलेक्ट्रॉनची संख्या बदलली किंवा पापुद्रा जळाला असं समजा. अख्खं चित्रच बाजूला सरकलं असेल तर पंपाने बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांचं विद्युतक्षेत्र झोताला ढकलतंय. पंपाची ऊर्जा उतरवा. पंपाआधीचं, म्हणजे ऋण उशिराचं, चित्र पंप बंद असतानाच्या चित्रापेक्षा फिकं असेल तर पापुद्रा दोन पल्समध्ये थंड होत नाही. पल्सचा दर कमी करा. या चाचण्या शेवटी पुरवणीत टाकायच्या नसतात. रोज सकाळी पहिल्या फेरीवर करायच्या असतात.

सगळं जमलं की २२० कड्याची तीव्रता उशिरासमोर मांडा. ती शून्यापासून उतरत काही पिकोसेकंदांत स्थिरावते; अशा फ्लुएन्सला घातांकी वक्राचा कालांक (उतरण किती वेळात होते त्याचा आकडा) साधारण ४ ते ७ पिकोसेकंद यावा. वक्र बसवताना पुंजक्याच्या रुंदीचा गॉसियन त्यात मिसळायला विसरू नका.

या उशिराचं कारण मोठं सुंदर आहे. प्रकाश आधी सोन्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनना तापवतो. त्यांची उष्णताधारकता इतकी कमी की वरच्या हिशेबातल्या ऊर्जेने ते अडीच हजार केल्व्हिनच्या पुढे जातात, आणि त्या क्षणी अणू अजून खोलीच्या तापमानालाच असतात. मग टकरांमधून ऊर्जा हळूहळू अणूंकडे झिरपते. एकाच तुकड्यात दोन तापमानं! अ‍ॅल्युमिनियममध्ये हीच देवाणघेवाण सोन्यापेक्षा बरीच जलद होते. तोच प्रयोग फ्लुएन्स दुप्पट करून पुन्हा करा: कालांक थोडा वाढलेला दिसेल, कारण जास्त तापलेल्या इलेक्ट्रॉनना रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो. तो वाढला नाही तर पॉवर मीटरवर संशय घ्या.

यानंतर कुठे

सोनं जमल्यावर बिस्मथ घ्या. तिथे तीव्रता नुसती उतरत नाही, अणू एका तालात डोलताना दिसतात, आणि तुमची गन ३४० फेम्टोसेकंदांचं डोलणं पकडू शकते का याची परीक्षा होते. मग टॅन्टलम डायसल्फाइडसारखे थरांचे स्फटिक; ते चिकटपट्टीने किंवा अल्ट्रामायक्रोटोमने पातळ करतात आणि त्यांच्या मुख्य ठिपक्यांभोवती उपठिपके असतात, जे पंपानंतर मुख्य ठिपक्यांच्या उलट वागतात.

मोठ्या यंत्रावर जायचं असेल तर स्लॅकची युईडी सुविधा जगभरातून प्रस्ताव मागवते, आणि निकाल प्रसिद्ध करण्याच्या अटीवर यंत्राचा वेळ मोफत मिळतो. जर्मनीत बर्लिन, हॅम्बुर्ग आणि गॉटिंगेन इथे या कामाचे मुरलेले गट आहेत. प्रस्तावात भव्य सिद्धांतापेक्षा तीन गोष्टी जोडा: नमुन्याचं स्थिर विवर्तन चित्र, त्याची मोजलेली जाडी आणि किती फ्लुएन्सला तो जळतो त्याचा आकडा. शेवटचा आकडा साध्या फेम्टोसेकंद लेसरवर आणि चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली मिळवता येतो. शिवाय नमुने लागतील त्याच्या निदान तिप्पट न्या. विमानतळावर ग्रिडची डबी हातातल्या सामानात ठेवा, चेक-इन बॅगेत देऊ नका.